लॅपटॉपचा मॅक अ‍ॅड्रेस कसा शोधायचा, आणि दिसणाऱ्या पाच-सहांपैकी नेमका कोणता द्यायचा?

प्रश्न असा आहे: ऑफिसच्या आयटी विभागाने नव्या लॅपटॉपचा मॅक अ‍ॅड्रेस मागितला. कुठेतरी वाचून कमांड चालवली, तर पाच-सहा वेगवेगळे पत्ते आले. त्यातला एक कळवला, पण वाय-फाय अजून लागत नाही. मग खरा पत्ता कोणता?

पाच-सहा पत्ते दिसले, तर लॅपटॉपमध्ये काही बिघाड आहे असं समजू नका. मॅक अ‍ॅड्रेस म्हणजे नेटवर्कवर यंत्र ओळखायचा पत्ता; मॅक संगणकाशी त्या नावाचा संबंध नाही. अख्ख्या संगणकाला मिळून एक मॅक अ‍ॅड्रेस नसतोच. नेटवर्कला जोडणाऱ्या प्रत्येक भागाला आपापला असतो. केबलच्या सॉकेटमागच्या चिपला एक, वाय-फाय कार्डाला दुसरा, ब्लूटूथला तिसरा. वर व्हीपीएनचं (इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये सुरक्षित शिरायची सोय) किंवा व्हर्च्युअल मशीनचं (संगणकाच्या आत चालणारा काल्पनिक संगणक) सॉफ्टवेअर टाकलेलं असेल तर ते नेटवर्कला जोडणारे स्वतःचे काल्पनिक अ‍ॅडॅप्टर तयार करतं आणि त्यांनाही पत्ते वाटतं. म्हणून पहिलं काम म्हणजे आयटीवाल्यांनाच विचारणं: केबलसाठी हवा की वाय-फायसाठी? तुमचं वाय-फाय लागत नाही यावरून मला वाटतं, तुम्ही यादीत सगळ्यात वर दिसणारा पत्ता उचलून कळवला. तो बहुतेकदा केबलच्या कार्डाचा असतो.

पत्ता ओळखायचा कसा ते आधी सांगतो. बारा अंक, दोन-दोनच्या सहा जोड्यांत. अंक ० ते ९ आणि अक्षरं ए ते एफ, एवढंच. त्यात इंग्रजी ओ कधीच येत नाही. गोल काही दिसलं तर ते शून्यच. फोनवरून पत्ता सांगताना बी आणि डी यांची फार गल्लत होते, आणि स्टिकरवरून वाचताना बी आणि ८ यांची. म्हणून शक्य असेल तिथे पत्ता कॉपी करूनच पाठवा. विंडोज जोड्यांमध्ये आडवी रेघ देतं, मॅक संगणक आणि लिनक्स विसर्गासारखे दोन टिंब देतात, सिस्को या नेटवर्क कंपनीची उपकरणं चार-चार अंकांचे तीन गट करून मध्ये एकेक टिंब देतात. पत्ता तोच, फक्त मांडणी वेगळी. मोठी लिपी की छोटी लिपी यानेही फरक पडत नाही. एखाद्या फॉर्ममध्ये आडव्या रेघांचा पत्ता घेतला जात नसेल तर रेघा काढून नुसते बारा अंक टाकून पाहा.

आता विंडोज. कमांड प्रॉम्प्ट (कमांड टाइप करायची खिडकी) उघडा आणि ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ चालवा. टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायचं; पहिला शब्द सलग, मग एक जागा, मग तिरकी रेघ आणि तिला चिकटून ऑल. भलामोठा मजकूर सरकत जाईल. तो न घाबरता तुकड्या-तुकड्याने वाचायचा. प्रत्येक तुकड्याच्या माथ्यावर अ‍ॅडॅप्टरचं नाव असतं आणि खाली त्याची माहिती. वाय-फायचा तुकडा साधारण असा दिसतो:

वायरलेस लॅन अ‍ॅडॅप्टर वाय-फाय:
डिस्क्रिप्शन : (कार्डाच्या कंपनीचं आणि मॉडेलचं नाव)
फिजिकल अ‍ॅड्रेस : ३४-७ए-९०-१सी-डी८-५ई
डीएचसीपी एनेबल्ड : येस
आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस : १९२.१६८.१.२३
डीएचसीपीव्ही६ क्लायंट डीयूआयडी : ००-०१-००-०१-… (बरंच लांब)

हवी आहे ती ‘फिजिकल अ‍ॅड्रेस’ची ओळ. याच तुकड्यात खाली तो डीयूआयडी नावाचा लांबलचक आकडा असतो, आणि तो पाठवणारे कमी नाहीत, कारण त्याच्या शेपटीला एक मॅक अ‍ॅड्रेस जोडलेला असतो. पण ती शेपटी याच कार्डाची असेल असं नाही. डीयूआयडी एकदा तयार झाला की तसाच राहतो. तो बनला तेव्हा जे कार्ड हाताशी होतं त्याचा पत्ता त्यात अडकून पडतो. मोजायची सवय लावा. सहा जोड्या असतील तर पुढे बोलायचं. आठ किंवा चौदा असतील तर ते दुसरंच काहीतरी आहे.

वाय-फायच्या तुकड्याच्या आसपास ‘लोकल एरिया कनेक्शन’ असं नाव, त्यापुढे चांदणी आणि एक आकडा, असे एक-दोन तुकडे दिसतील. डिस्क्रिप्शनमध्ये ‘वाय-फाय डायरेक्ट व्हर्च्युअल अ‍ॅडॅप्टर’ असं लिहिलेलं असेल. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, कारण त्यांचे पत्ते खऱ्या वाय-फायच्या पत्त्याशी जुळ्या भावंडांसारखे दिसतात. एखाद्याचा शेवटचा आकडा एकाने पुढे गेलेला असतो, तर एखाद्याचा पहिला जोड ३४ च्या जागी ३६ असतो. हॉटस्पॉट चालू करणं, स्क्रीन दुसऱ्या पडद्यावर पाठवणं असल्या कामांसाठी विंडोज ते वापरतं. ऑफिसच्या वाय-फायला जोडताना त्यांचा काही संबंध नाही. तुकड्याच्या माथ्यावर फक्त ‘वाय-फाय’ असं साधं नाव आहे तोच घ्या.

तुकड्यात ‘मीडिया डिस्कनेक्टेड’ लिहिलं असेल तरी पत्ता बरोबरच असतो. तो मिळवायला नेटवर्कला जोडलेलं असण्याची गरज नसते. मात्र अ‍ॅडॅप्टर डिसेबल केलेला असेल तर तो या यादीत येणारच नाही. आधी चालू करावा लागेल.

मला स्वतःला पॉवरशेल या विंडोजच्याच दुसऱ्या कमांड-खिडकीतली ‘गेट-नेटअ‍ॅडॅप्टर’ ही कमांड जास्त आवडते. एका ओळीला एक अ‍ॅडॅप्टर: नाव, वर्णन, चालू की बंद, मॅक अ‍ॅड्रेस, वेग. डोळ्यांना त्रास नाही. आणखी एक जुनी कमांड म्हणजे ‘गेटमॅक /व्ही’. ती जोडणीचं नाव आणि पत्ता शेजारी-शेजारी दाखवते. तिरक्या रेघेचा व्ही विसरलात तर नावं गायब होतात, नुसते पत्ते उरतात, आणि मग कोणता कोणाचा हे कळायला मार्ग नाही. तुम्ही बहुधा तेच केलं असावं. जुन्या उत्तरांमध्ये ‘डब्ल्यूएमआयसी’ने सुरू होणारी कमांडही सापडेल, ती मायक्रोसॉफ्टने मोडीत काढायला घेतली आहे, नव्या विंडोज ११ वर ती नसेल तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

कमांडचं वावडं असेल तर विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज आणि तिथे हार्डवेअर अँड कनेक्शन प्रॉपर्टीज. सगळे अ‍ॅडॅप्टर एकाच पानावर, वर कॉपीचं बटण.

आता एक युक्ती, जी माझ्या मते सगळ्या कमांडांपेक्षा उपयोगी आहे. पत्त्याची पहिली जोडी बघा आणि त्यातला दुसरा अंक बघा. तो २, ६, ए किंवा ई असेल, तर हा पत्ता कारखान्यात दिलेला नाही. सॉफ्टवेअरने तयार केलेला आहे. यामागे नियम आहे. एकूण पत्ता ४८ बिटांचा (बिट म्हणजे ० किंवा १ असा एक अंक; १ म्हणजे चालू). त्यातले पहिले २४ बिट आयईईई ही संस्था कार्ड बनवणाऱ्या कंपनीला नेमून देते, उरलेले २४ कंपनी स्वतः एकेका कार्डाला देते. म्हणजे एका गठ्ठ्यात सुमारे १ कोटी ६७ लाख पत्ते. पण अगदी पहिल्या जोडीतले शेवटचे दोन बिट राखून ठेवलेले आहेत. एक सांगतो की पत्ता एकट्याचा आहे की गटाचा, दुसरा सांगतो की तो नेमून दिलेला आहे की जागच्या जागी बनवलेला. दुसरा बिट चालू झाला की त्या जागी २, ६, ए, ई यांपैकी काहीतरी उमटतं. वर ३४ चं ३६ झालं ते याचमुळे. आणि तो अंक विषम असेल, म्हणजे १, ३, ५, ७, ९, बी, डी, एफ, तर तो गटाचा पत्ता. तो कुठल्याच एका कार्डाचा असू शकत नाही. असा पत्ता तुमच्या हातात असेल तर तो टायपिंगमध्ये तरी चुकलाय किंवा चुकीच्या ओळीतून तरी उचललाय. थोडक्यात, खऱ्या कार्डाच्या पत्त्यात त्या जागी ०, ४, ८ किंवा सी एवढेच येतात.

याला अपवाद व्हर्च्युअल मशीनच्या कार्डांचा. काही कंपन्यांनी त्यांच्यासाठीही रीतसर गठ्ठे घेतले आहेत, त्यामुळे ती या चाळणीतून सुटतात. ०८-००-२७ ने सुरू होणारा पत्ता व्हर्च्युअलबॉक्सचा, ००-५०-५६ आणि ००-०सी-२९ हे व्हीएमवेअरचे, ००-१५-५डी हा हायपर-व्हीचा. विंडोजवर लिनक्स चालवायची सोय किंवा डॉकर (सॉफ्टवेअर वेगळ्या कप्प्यांत चालवायची सोय) टाकलेलं असेल तर ००-१५-५डी हमखास दिसेल. हे तीन-चार ओळखीचे झाले की यादी झपाट्याने लहान होते.

पहिल्या तीन जोड्यांवरून कार्ड बनवणारी कंपनी शोधता येते, तशी यादी आयईईई सर्वांसाठी खुली ठेवते. मात्र सापडणारं नाव लॅपटॉपच्या कंपनीचं असेल अशी अपेक्षा ठेवू नका. लॅपटॉप एका कंपनीचा, आतलं वाय-फाय कार्ड दुसरीचं, हा नेहमीचा प्रकार. शिवाय छोट्या कंपन्यांना आयईईई छोटे गठ्ठे देते, तिथे पहिल्या तीन जोड्यांवरून नीट नाव मिळत नाही.

आता त्या प्रकाराकडे येऊ, ज्यामुळे हल्ली बरोबर पत्ता देऊनही काम अडतं. पूर्वी कार्डावर कोरलेला पत्ता आणि हवेत जाणारा पत्ता एकच असायचा. आता तसं गृहीत धरता येत नाही. दुकानं, स्टेशनं, सभागृहं इथली वाय-फाय यंत्रणा एकाच पत्त्यावरून माणसाचा माग काढू शकते, म्हणून फोन बनवणाऱ्यांनी प्रत्येक नेटवर्कला वेगळा, बनावट पत्ता दाखवायची पद्धत आणली. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनवर आयओएस १४ पासून हे आपोआप चालू असतं. मॅकवर मॅकओएस सिक्वोया, म्हणजे २०२४ पासून ही सोय आली. विंडोजमध्ये वाय-फायच्या सेटिंग्जमध्ये ‘रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेसेस’ नावाचं बटण आहे. ते मुळात बंद असतं, पण आधीच्या कोणी चालू करून ठेवलेलं असू शकतं.

परिणाम असा की तुम्ही खोक्यावरचा पत्ता कळवता, आयटीवाले तो आत येऊ द्यायच्या यंत्रांच्या यादीत घालतात, आणि तुमचं यंत्र दारात उभं राहून भलतंच नाव सांगतं. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर, पण वाय-फाय काही लागत नाही. यादीत कोरलेला पत्ता हवा की त्या नेटवर्कला प्रत्यक्षात दिसणारा, असं मला विचारलं तर मी म्हणेन, दिसणारा. अडवणारं यंत्र दुसरं काही पाहूच शकत नाही. म्हणून सोपा मार्ग हा: ऑफिसच्या त्या एका नेटवर्कपुरता खासगी पत्ता बंद करा आणि खरा पत्ता द्या. अँड्रॉइडवर त्या नेटवर्कच्या नावाशेजारच्या चक्रावर गेलात की प्रायव्हसीमध्ये ‘डिव्हाइस मॅक वापरा’ अशा अर्थाचा पर्याय असतो. आयफोनवर नेटवर्कच्या नावाशेजारच्या ‘आय’वर दाबलं की ‘प्रायव्हेट वाय-फाय अ‍ॅड्रेस’ दिसतो. आयओएस १८ पासून तिथे बंद, कायम आणि बदलता असे तीन पर्याय आहेत. बाकीच्या नेटवर्कांसाठी ती सोय चालूच राहू द्या, ती तुमच्या भल्याची आहे.

विंडोजवर दोन्ही पत्ते समोरासमोर बघायचे असतील तर पॉवरशेलमध्ये ‘गेट-नेटअ‍ॅडॅप्टर’पुढे उभी रेघ देऊन ‘फॉरमॅट-लिस्ट नेम, मॅकअ‍ॅड्रेस, पर्मनंटअ‍ॅड्रेस’ असं लिहा. मॅकअ‍ॅड्रेस म्हणजे सध्या वापरात असलेला, पर्मनंटअ‍ॅड्रेस म्हणजे कारखान्यातला. दोन्ही सारखे आले तर प्रश्न मिटला.

मॅक संगणकावर कळफलकावरची ऑप्शन की दाबून धरा आणि वरच्या पट्टीतल्या वाय-फायच्या चिन्हावर क्लिक करा. एरवी न दिसणारी माहिती उघडते, त्यात पत्ता असतो. टर्मिनलची सवय असेल तर ‘नेटवर्कसेटअप’, जागा, आडवी रेघ आणि तिला लागून ‘लिस्टऑलहार्डवेअरपोर्ट्स’. इथे एक गंमत आहे: वाय-फायच्या पत्त्यापुढेही ‘इथरनेट अ‍ॅड्रेस’ असंच लिहून येतं. त्याकडे दुर्लक्ष करून वरची ‘हार्डवेअर पोर्ट’ची ओळ वाचा. तसंच ‘ईएन०’ म्हणजे केबल असं ठरवून टाकू नका. मॅकबुकवर ते वाय-फाय असतं, केबलचं सॉकेट असलेल्या डेस्कटॉप मॅकवर केबल.

लिनक्सवर ‘आयपी लिंक’ पुरे. ‘लिंक/ईथर’च्या लगेच पुढे असतो तो पत्ता. त्याच ओळीत पुढे ‘बीआरडी’ आणि सगळे एफ दिसतात, तो सगळ्यांना एकदम हाक मारायचा पत्ता आहे आणि जगातल्या प्रत्येक यंत्रावर तोच दिसतो. तो कळवणारेही भेटतात. सध्याचा पत्ता मूळ पत्त्यापेक्षा वेगळा असेल तर नव्या आवृत्त्या ओळीच्या शेवटी ‘पर्मअ‍ॅडर’ म्हणून मूळ पत्ताही छापतात. ‘ईथटूल’ला मोठ्या पी-चा पर्याय दिला तरी तो मिळतो. ‘एलओ’ नावाच्या ओळीतली शून्यं सोडून द्या.

पातळ लॅपटॉपना हल्ली केबलचं सॉकेटच नसतं, मग यूएसबीचं डोंगल किंवा डॉक लावलं जातं. त्या वेळी ‘इथरनेट’ म्हणून दिसणारा पत्ता डोंगलचा असतो, लॅपटॉपचा नसतो. डोंगल शेजाऱ्याला दिलंत तर पत्ता त्याच्याबरोबर जातो, आणि नेटवर्कच्या नोंदीत शेजारी म्हणजे तुम्हीच. एकच डोंगल फिरवून अनेक लॅपटॉप तयार करणाऱ्या विभागांत यावरून भरपूर गोंधळ होतात. ऑफिससाठीच्या काही लॅपटॉपांच्या बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) यावर तोड असते: डॉक लावलं तरी लॅपटॉपचा स्वतःचा राखीव पत्ताच पुढे करायचा. ती सोय असेल आणि चालू असेल तर यादीत तो राखीव पत्ता हवा. म्हणूनच डोंगल लावून घेतलेला पत्ता कळवताना ‘डोंगल लावलेलं होतं’ एवढं सोबत लिहा. मदरबोर्ड बदलून आला असेल तरीही नव्याने तपासा; केबलचा पत्ता बोर्डाबरोबर बदलतो, वेगळं बसवलेलं वाय-फाय कार्ड जुनंच असेल तर त्याचा तसाच राहतो.

यंत्र सुरूच होत नसेल तर लॅपटॉपच्या तळावरचा किंवा खोक्यावरचा स्टिकर पाहा. तिथे अनुक्रमांकाचे वगैरे अनेक बारकोड असतात. बारा अंक आणि फक्त एफपर्यंतची अक्षरं, ही कसोटी तिथेही चालते. यंत्र सुरू होतं पण विंडोज चढत नाही, अशा वेळी बायॉसमध्ये माहितीच्या पानावर मिळतो, किंवा नेटवर्कवरून बूट करायला लावलं की पडद्यावर उमटतो. प्रिंटरला त्याच्याच मेनूतून नेटवर्कच्या माहितीचं पान छापायला लावा.

दुसऱ्याच्या यंत्राचा पत्ता आपल्या जागेवरून हवा असेल तर आधी त्याला पिंग करा (‘आहेस का?’ असा छोटा संदेश पाठवा), मग ‘एआरपी’, जागा, आडवी रेघ आणि ए. लिनक्सवर ‘आयपी नेबर’. त्या यंत्राचा आयपी आणि त्यापुढे मॅक अ‍ॅड्रेस दिसेल. पिंगला उत्तर आलं नाही तरी ही यादी पाहाच, कारण फायरवॉल पिंग अडवतो तरी पत्त्याच्या चौकशीला यंत्राला उत्तर द्यावंच लागतं. मॅकवर ही यादी जोडीतलं पहिलं शून्य गाळून छापते, म्हणजे ०५ च्या जागी नुसतं ५. बारा अंक भरले नाहीत तर तेवढं शून्य आपण घालायचं. हे सगळं एकाच नेटवर्कमध्ये चालतं. मध्ये राउटर आला की तो माहितीच्या प्रत्येक पाकिटावरचा आधीचा मॅक अ‍ॅड्रेस काढून स्वतःचा घालतो, त्यामुळे पलीकडच्या यंत्राच्या जागी तुम्हाला राउटरचाच पत्ता मिळेल. याच कारणाने, एखाद्या संकेतस्थळाला आपला मॅक अ‍ॅड्रेस कळतो ही भीती सहसा निराधार असते. आयपीव्ही६, म्हणजे नव्या पिढीच्या लांब आयपी पत्त्यांच्या, सुरुवातीच्या पद्धतीत मात्र तो आयपी पत्त्याच्या आतच बसवला जायचा, मधोमध एफएफ-एफई घालून. आता बहुतेक प्रणाली तिथे तात्पुरते, बदलते आकडे वापरतात.

तुमच्या आयटी विभागाला यादी कशाला हवी, याचा अंदाज असला तर बरं. प्रत्येक यंत्राला ठरलेला आयपी द्यायचा किंवा कोणतं यंत्र कोणाकडे आहे याची नोंद ठेवायची असेल, तर यादी चांगलं काम करते. पण यादीत नसलेल्याला आत येऊ द्यायचं नाही एवढ्यावरच सुरक्षितता टेकवली असेल तर ती लटकी आहे. वाय-फायवरचा मजकूर कूटबद्ध असला तरी प्रत्येक पाकिटावरचे मॅक अ‍ॅड्रेस उघडेच असतात. जवळ बसलेला कोणीही ते वाचून स्वतःच्या कार्डाला तोच पत्ता लावू शकतो, त्याला विशेष कौशल्य लागत नाही.

तर आत्ता करायचं ते असं. ‘गेट-नेटअ‍ॅडॅप्टर’ चालवा, ‘वाय-फाय’ नावाची ओळ घ्या, पहिल्या जोडीचा दुसरा अंक तपासा. २, ६, ए, ई यांपैकी निघाला तर सेटिंग्जमध्ये रँडम पत्त्याचं बटण बंद करा, वाय-फाय एकदा बंद-चालू करा आणि पुन्हा पाहा. मग तो पत्ता कॉपी करून, शेजारी ‘वाय-फायचा’ असा शब्द लिहून पाठवा. केबलचाही पाठवणार असाल तर त्यापुढे ‘केबलचा’. आधी चुकून दिलेला पत्ता यादीतून काढायला सांगा. तो डोंगलचा निघाला तर उद्या दुसऱ्याच कोणाचं तरी यंत्र तुमच्या नावावर चढेल.